डबा आधी वाजवा, मग उघडा

पत्र : ताई, नमस्कार. मी नागपुरात, त्रिमूर्ती नगरात राहते. नोकरी मिहानमध्ये, घरी पोचायला सात वाजतात. मुलगी ९ वर्षांची आहे, मुलगा ४ वर्षांचा. दोघं चारच्या सुमारास शाळेच्या व्हॅननं घरी येतात तेव्हा घरात फक्त सासूबाई असतात. त्यांचे गुडघे दुखतात, गॅसपाशी फार वेळ उभं राहवत नाही. म्हणून पोरं आली की त्या बिस्किटांचा पुडा नाहीतर चिप्सचं पाकीट फोडून देतात. मग रात्री दोघंही धड जेवत नाहीत. मी काही म्हटलं की सासूबाईंना लागतं. त्यात मुलीच्या शाळेत ‘ऑटम वीक’ आहे आणि शुक्रवारी डब्यात ऋतूला साजेसं काहीतरी न्यायचंय. तिनं मोबाइलवर भोपळ्याची बिस्किटं, पानांच्या आकाराच्या कुकीज पाहिल्यात, तिला तेच पाहिजे. त्याला ओव्हन लागतो, मेपल सिरप लागतं. माझ्याकडे दोन्ही नाही. सोपं, रोज जमेल असं आणि या ऋतूचं काही सांगाल का?

उत्तर :

तुमचं पत्र वाचताना मला चार वाजताचं तुमचं घर डोळ्यांसमोर दिसलं. दारात बुटांचा ढीग, पाठीवरून घसरलेली दप्तरं, घामानं चिकटलेले केस आणि ‘आजी, भूक लागली’. त्या क्षणी जे हाताशी असेल तेच पोटात जाणार. सासूबाई पुडा फोडतात कारण पुडा हाताशी असतो. त्यांच्या हाताशी दुसरं काही ठेवलं तर त्या तेही तितक्याच मायेनं देतील, याची मला खात्री आहे.

आधी ऋतूचं बोलू, कारण लेकीचा प्रश्न मला फार आवडला. तिला शाळेत ऑटमची जी चित्रं दाखवली असतील त्यांत लाल-पिवळी पानं गळताना दिसतात. तशी पानं आपल्या देशात बघायची तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात काश्मीरला जाऊन चिनार बघावा लागेल. नागपुरात या दिवसांत झाडं हिरवीगार असतात. आपल्याकडचा साग आणि पळस पानं टाकतात ते थंडी सरताना, शिशिरात. आपला शरद म्हणजे आश्विन आणि कार्तिक. पाऊस उघडतो, आभाळ धुतल्यासारखं निळं होतं, रस्त्याच्या कडेला आणि नदीकाठी पांढरा कास डोलतो, कापसाची बोंडं फुटायला लागतात, भंडाऱ्याकडे धान पिवळं पडतं. दुपारी ऊन चांगलंच चटकतं आणि पहाटे अंगावर चादर ओढावीशी वाटते. हे सगळं तिला व्हॅनच्या खिडकीतून दिसतं, फक्त ‘बघ, हाच तो ऑटम’ असं तिला कुणी सांगितलेलं नसतं. ते तुम्ही सांगा.

आणि भोपळा तर आपलाच आहे. आपण त्याला कोहळं म्हणतो एवढंच. तिकडे बिस्किटांत घालतात, आपल्या आज्यांनी त्याची बोंडं, म्हणजे गोड भजी, केली.

आता खाऊकडे येते, पण त्याआधी एक आठवण सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथंच सापडलं.

माझं लहानपण नागपूरच्या महाल भागात गेलं. भादव्याची पौर्णिमा झाली की घराघरात भुलाबाई बसायची. कोनाड्यात नाहीतर पाटावर मातीची भुलाबाई आणि भुलोजी, आणि कोजागिरीपर्यंत महिनाभर रोज संध्याकाळी आम्ही पोरी या घरून त्या घरी गाणी म्हणत फिरायचो. गाणी संपली की त्या घरची बाई आतून झाकण लावलेला डबा घेऊन यायची. त्यात काय आहे ते ओळखायचं, मगच खाऊ मिळायचा. ती डबा कानाशी धरून हलवायची. फुटाणे असले की खळखळ वाजायचे. मुरमुरे नुसते सळसळायचे. उकडलेल्या शेंगा ढपढप करायच्या. मग आमचे प्रश्न सुरू : तिखट की गोड? भाजलेलं की तळलेलं? दाताला लागतं की जिभेवर विरतं? हुशार बायका डब्यात खाऊ फडक्यात गुंडाळून ठेवायच्या, म्हणजे आवाजच यायचा नाही. एकदा शेजारच्या काकूंनी असाच मुका डबा आणला. आम्ही पंधरा-वीस नावं घेतली, एकही बरोबर नाही. शेवटी हरलो म्हटल्यावर त्यांनी झाकण जेमतेम बोटभर उचललं आणि जायफळाचा वास आला. कोहळ्याची बोंडं होती. मी घरी कोहळ्याला हात लावत नसे. त्या दिवशी तीन खाल्ली.

म्हणजे शरद ऋतूचा, लेकरांसाठीचा, संध्याकाळचा खाऊ ही विदर्भात नवी कल्पनाच नाही. महिनाभर रोज वेगळा खाऊ आणि तोही ओळखून मिळवायचा, अशी पूर्ण व्यवस्था आपल्याकडे होती. अजूनही कितीतरी घरांत आहे. तुमच्या घरी भुलाबाई बसत असेल तर उत्तमच, नसेल तरी तो डबा घ्या. झाकण घट्ट बसेल असा स्टीलचा एक मध्यम डबा ‘चारचा डबा’ म्हणून ठरवून टाका. रात्री किंवा सकाळी निघताना तो तुम्ही भरायचा आणि चार वाजता सासूबाईंनी खुर्चीत बसून वाजवायचा. त्यांना उभं राहायला नको, गॅस पेटवायला नको. पोरांनी हात-पाय धुवायचे, पाणी प्यायचं, तीन प्रश्न विचारायचे आणि ओळखायचं. आत काय आहे ते फक्त आजीला माहीत. पुडा फोडून देणारी आजी आणि डब्यातलं गुपित राखणारी आजी, यांत पोरांना कोण जास्त हवीशी वाटेल ते तुम्हीच बघा. सासूबाईंना ‘बिस्किटं देऊ नका’ असं म्हणायची वेळच येणार नाही. ‘आई, भुलाबाईचा डबा कसा वाजवायचा ते पोरांना तुम्हीच दाखवा’, एवढं म्हणा. त्यांच्याकडे अशा आठवणी माझ्यापेक्षा जास्त असतील.

पाण्याचं मुद्दाम म्हटलं. ऑक्टोबरात चार वाजताच्या उन्हात व्हॅनमध्ये बसून आलेली पोरं निम्मी तहानलेली असतात आणि त्यांना ती भूकच वाटते. आधी साधं पाणी, नाहीतर लिंबाचं सरबत किंवा पातळ ताक द्या, आणि पाच-दहा मिनिटांनी डबा. चहा मात्र देऊ नका, अगदी दुधाळ, अर्धा कप म्हणूनसुद्धा नाही. जेवणातलं लोह अंगी लागायला चहा आडवा येतो आणि भूकही मारतो.

आता डब्यात काय काय घालता येईल ते सांगते. सगळ्यात आधी भुईमुगाच्या ओल्या शेंगा. दसऱ्याच्या आगेमागे बाजारात त्यांचे ढीग लागतात, मातीसकट. अर्धा किलो आणा, दोन-तीन पाण्यांनी चोळून धुवा, कुकरमध्ये शेंगा बुडतील एवढं पाणी, दीड चमचा मीठ आणि चिमूटभर हळद घालून मध्यम आचेवर तीन-चार शिट्ट्या करा. वाफ गेली तरी लगेच पाणी काढू नका. अर्धा तास त्याच पाण्यात राहू द्या, म्हणजे मीठ दाण्यापर्यंत पोचतं. मग निथळून फ्रिजमध्ये ठेवा, दोन दिवस चांगल्या राहतात. रविवारी रात्री केल्या की सोमवार-मंगळवार निभावला. सोलून खाव्या लागतात म्हणून पोरं सावकाश खातात, आणि सोलता सोलता शाळेतलं सगळं आजीला सांगून होतं.

दुसरे शिंगाडे. मला विचाराल तर आपल्या भागातला शरद ऋतूचा खरा खाऊ हाच. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडच्या तळ्यांतून ते नागपुरात येतात. तिकडे मालगुजारांनी, म्हणजे जमीनदारांनी, बांधलेल्या जुन्या तळ्यांना लोक मामा तलाव म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी. लेकीला हे नाव नक्की सांगा, शाळेत सांगायला तिच्याजवळ काहीतरी खास होईल. बाजारात शिंगाडे दोन तऱ्हेचे मिळतात : हिरवट-लालसर कच्चे, आणि ठेल्यावर उकडलेले काळेभोर. कच्चे घेऊन घरी उकडणं मला बरं वाटतं. ते चिखलाच्या पाण्यात वाढतात, म्हणून ब्रशनं घासून तीन-चार पाण्यांनी धुवायचे. मीठ घालून कुकरमध्ये दोन शिट्ट्या. कच्चा शिंगाडा दातानं सोलून खायची सवय पोरांना लावू नका. तळ्यातल्या वनस्पतींच्या सालीवर जंतांची पिल्लं चिकटलेली असू शकतात आणि दातानं सोलताना ती पोटात जातात. नीट उकडलं की ती भीती राहत नाही. उकडल्यावर दोन्ही बाजूंची टोकं कात्रीनं कापा, ती चांगलीच टोचतात. मग मधोमध सुरीची एक चीर द्या. एवढं केलंत की ९ वर्षांची मुलगी स्वतः सोलते. आतला गर पांढरा, रताळ्यासारखा पिठूळ, किंचित गोड लागतो. त्यावर काहीच लागत नाही. फार तर मीठ-जिरेपूड.

रताळ्याचं नाव निघालंच आहे तर तेही याच दिवसांतलं. नवरात्रात उपासासाठी घरात येतंच. दोन जास्त उकडून ठेवा. सकाळी चकत्या कापून तव्यावर चमचाभर तुपात लालसर करा, वर मीठ आणि लिंबाचे चार थेंब. थंड झालं तरी चांगलं लागतं, ही त्याची मोठी सोय.

मुरमुरे, फुटाणे आणि भाजलेले फल्लीदाणे (शेंगदाणे) यांचा कोरडा डबा तर घरात कायम असावा. फोडणीत तेल, हळद, कढीपत्ता आणि थोडी साखर. तिखट पोरांच्या बेतानं. ज्या दिवशी तुम्हाला काहीच जमलं नाही त्या दिवसासाठी हा डबा. पुडा फोडण्याइतकाच तो सोपा आहे. पण ४ वर्षांच्या मुलाला अख्खे दाणे आणि अख्खे फुटाणे देऊ नका. या वयात हसता-बोलता दाणा श्वासनलिकेत जाऊ शकतो, आणि संध्याकाळी आजी एकट्या असताना तसं काही झालं तर त्यांची फार धावपळ होईल. त्याच्यासाठी दाण्याचा लाडू करा. दोन वाट्या भाजून सोललेले दाणे आणि एक वाटी चिरलेला गूळ मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा, तेल सुटून हाताला ओलसर लागलं की सुपारीएवढे लाडू वळा. तूप लागत नाही, पाक लागत नाही, पंधरा मिनिटांत वीस-बावीस होतात. कूट बारीक हवं, जाडसर नको. उकडलेल्या शेंगांचे दाणेही त्याला बोटांनी चुरून द्यायचे. हे सासूबाईंना एकदा नीट सांगून ठेवा. त्यांनी चार-पाच पोरं याच घरात वाढवली असतील, तरी सांगा. आणि धाकट्यानं खाताना बसूनच खायचं, पळत नाही.

फळांत सध्या तुमची चैन आहे. सफरचंद या दिवसांत काश्मीर-हिमाचलातून येतं आणि एरवीपेक्षा स्वस्त असतं. तिकडच्या ऑटमचंही तेच फळ, म्हणजे लेकीचं समाधान. चिरून ठेवायचं असेल तर फोडी दोन मिनिटं मिठाच्या पाण्यात बुडवून काढा, काळ्या पडत नाहीत. जाम मिळाला तर आणा, पण बेताचा पिकलेला घ्या. पुण्याकडचे वाचक गोंधळतील म्हणून सांगते, आम्ही नागपूरकर पेरूला जाम म्हणतो. संत्र्याचा आंबिया बहारही ऑक्टोबरपासून उतरायला लागतो. सुरुवातीला साल हिरवट असते, म्हणून लोक घेत नाहीत. सालीला तो केशरी रंग चढायला थंड रात्री लागतात, आत फळ तयार असू शकतं. एक चाखून घ्या, ठेलेवाला नाही म्हणत नाही. आपल्या संत्र्याची साल सुटी असते, पोरांच्या बोटांनी निघते, म्हणून त्यासारखा चार वाजताचा खाऊ नाही. रस काढू नका, फोडीच खाऊ द्या. धाकट्याला बिया काढून आणि फोडीवरचं पातळ साल सोलून.

सीताफळाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण ते सगळ्यांना आवडतं आणि तिथंच चुका होतात. माझ्या संसाराच्या पहिल्या कोजागिरीला मी दोन लिटर दूध आटवलं आणि सीताफळाचा गर त्या उकळत्या दुधात घातला. पाच मिनिटांत सगळं पातेलं कडू झालं. गच्चीवर वीसेक माणसं पेले हातात घेऊन बसली होती. आईनं मग शेजारून दूध आणून निभावून नेलं, आणि मला सांगितलं की सीताफळाला आच लागली की ते कडवटतं. तेव्हापासून मी दूध पूर्ण गार करून, फ्रिजमधून काढूनच गर घालते. तुम्हीही तसंच करा : रात्री गर काढून ठेवा, सकाळी गार दुधात नाहीतर गोड दह्यात कालवून छोट्या वाट्यांत फ्रिजमध्ये ठेवा. साखर लागत नाही. बिया मात्र मोठ्या माणसानं एकूण एक काढायच्या. अख्खी बी चुकून गिळली गेली तर सहसा काही होत नाही, पण ती फोडायची किंवा चावायची नाही, आतला भाग विषारी असतो, डोळ्यात गेला तर भयंकर आग होते. गर काढून झाला की बिया मोजून थेट कचऱ्यात. हा खाऊ डब्यात वाजत नाही, तेव्हा त्या दिवशी आजीनं वाटी पदराआड धरायची.

तळणाचं मी जवळजवळ काहीच सांगितलं नाही, ते जाणूनबुजून. सांबारवडी (सांबार म्हणजे कोथिंबीर) आपल्या नागपूरची शान आहे, पण ती रविवारी सगळे घरी असताना करायची गोष्ट. चार वाजता घाईनं करायची नव्हे. बरबटीचे, म्हणजे चवळीचे, वडे पोरांना आवडत असतील तर ते आप्पेपात्रात करा. एक वाटी बरबटी सकाळी भिजवा, रात्री मीठ, जिरं, आलं, मूठभर सांबार आणि मोठ्यांच्या वाट्याला मिरची घालून जाडसर वाटा, फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी पोळ्या होत असताना बाजूच्या शेगडीवर आप्पे होतात. थोडं तेल सोडून झाकण ठेवा, उलटून पुन्हा तीन-चार मिनिटं. दुपारी थंडच खायचे, हिरव्या चटणीसोबत.

प्रमाणाचं एक सांगते. रात्रीचं जेवण होत नाही याचं कारण फक्त बिस्किटं नसावीत, वेळही असेल. साडेचारच्या आत एक वाटीभर, म्हणजे मुलाच्या स्वतःच्या छोट्या वाटीनं, एवढा खाऊ पुरतो. मग आठ वाजेपर्यंत पुन्हा भूक लागते. सात वाजता तुम्ही घरी आल्यावर ‘आई आली’ म्हणून आणखी काही हातात दिलं जात असेल तर तिथं जेवण मरतं. त्या वेळी कडेवर घ्या, जवळ बसा, खाऊ नको. आणि बिस्किटं घरातून एकदम हद्दपार करू नका. आठवड्यातला एक दिवस डब्यात बिस्किटंच निघू द्या. आजीनं वाजवली आणि पोरांनी ओळखली की तीही त्या खेळातलीच झाली.

आता शुक्रवार. लेकीला भोपळ्याचं हवंय, पानाच्या आकाराचं हवंय आणि ओव्हन नाही. यातलं सगळं तव्यावर जमतं.

बाजारातून कोहळ्याची एक फोड आणा, पाव किलोहून थोडी जास्त. गर गडद केशरी बघून घ्या, फिकट असेल तर गोडी नसते. साल आणि बिया काढून किसा, दाबून दोन वाट्या कीस व्हायला हवा. कढईत चमचाभर तूप, त्यावर कीस, झाकण ठेवून मंद आचेवर पाच-सात मिनिटं. पाणी अजिबात नको, त्याचंच सुटतं. शिजला की पाऊण वाटी चिरलेला गूळ घाला आणि विरघळून मिश्रण जरा आळेपर्यंत ढवळा. गॅस बंद करून जायफळ किसून घाला, दालचिनीची आठवण येणार नाही. चिमूटभर मीठ आणि चमचाभर तीळही. आता हे पूर्ण गार होऊ द्या. गार झाल्यावर दोन चमचे रवा आणि मावेल तेवढी कणीक घालून घट्ट मळा. दोन ते अडीच वाट्या कणीक लागते, कोहळं किती पाणीदार आहे त्यावर अवलंबून. गुळाची कणीक ठेवली की सैल पडते, म्हणून मळल्यावर लगेच लाटायला घ्या.

आकार कोणता द्यायचा ते मला तिच्या वयाच्या मुलीला सांगायला फार आवडेल. मेपलचं पान तिनं फक्त चित्रात पाहिलंय. पण या ऋतूतलं एक पान ती दर वर्षी हातात घेते आणि ‘सोनं घ्या’ म्हणून वाटते. आपट्याचं. साध्या पोळीपेक्षा दुप्पट जाड दशमी लाटायची, वाटीनं गोल कापायचे, प्रत्येक गोलाच्या वरच्या बाजूला मधोमध सुरीनं छोटा त्रिकोण कापून काढायचा, आणि सुरीच्या पाठीनं मधून एक शीर आणि दोन्हीकडे दोन-दोन शिरा ओढायच्या. दाब हलका, आरपार नको. झालं आपट्याचं पान, आणि कोहळ्यामुळे रंगही खरोखरच सोन्यासारखा येतो. काढलेले त्रिकोण पुन्हा मळून घ्या. तवा मध्यम तापवून आच मंद ठेवा, गुळामुळे लवकर करपतात. दोन्ही बाजूंनी थोडं तूप सोडून सावकाश भाजा. वरच्या प्रमाणात वाटीच्या आकारानुसार पंधरा-वीस पानं होतात. जाळीवर गार केल्यावरच डब्यात भरा, नाहीतर वाफेनं मऊ पडतात. दोन दिवस टिकतात, म्हणून गुरुवारी रात्री करून ठेवता येतील. लाटणं तुमचं, शिरा ओढणं तिचं, आणि खुर्चीत बसून वाटीनं गोल पाडणं सासूबाईंचं. धाकट्याला कणकेचा एक गोळा द्या, तो त्याचं काहीतरी करेल.

शाळेच्या डब्यात फल्लीदाण्याचं काही घालू नका, वर्गातल्या एखाद्या मुलाला दाणे चालत नसतील तर पंचाईत होते. तिळाचंही बाईंना आधी विचारून घ्या, शंका असेल तर वगळा, चवीत फार फरक पडत नाही. पानांच्या दोन थरांमध्ये केळीच्या पानाचा तुकडा किंवा बटर पेपर ठेवा, म्हणजे शिरा पुसल्या जात नाहीत.

आणि चार-पाच पानं घरीच मागे ठेवा. शुक्रवारी चार वाजता ती आजीच्या डब्यात हवीत, फडक्यात गुंडाळून, म्हणजे वाजणार नाहीत.